छडीने पोरगं खरंच शिकतं का?

जूनमध्ये पोराचं नाव घालायला आलेला बाप शाळेच्या पायरीवर चप्पल काढतो, डोक्यावरची टोपी सारखी करतो आणि गुरुजींना सांगतो, "हाडका आमना, चामडी तुमनी." हाडं आमची, कातडी तुमची. म्हणजे हाड तेवढं मोडू नका, बाकी पोराला सुधारायला जे करायचं ते करा. धुळे, जळगाव, नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत हे वाक्य मी नोकरीची सगळी वर्षं ऐकलं. सांगणारा बाप निर्दयी नसतो. पोरगं आपल्यासारखं उन्हातान्हात कापूस वेचत राहू नये, एवढंच त्याला हवं असतं. माराशिवाय विद्या येत नाही, हे त्याला त्याच्या अनुभवाने शिकवलेलं असतं.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होतो. पहिली काही वर्षं माझ्याही टेबलावर निरगुडीचा फोक असायचा. कुणी विचारलं असतं तर मीही अनुभवाचाच दाखला दिला असता. हा अनुभव आपल्याला कुठे आणि कसा फसवतो, ते मला उशिरा कळलं. ते नीट उलगडून सांगावं म्हणून हे लिहितो आहे. कायद्याची बाजूही सांगतो, कारण तिच्याबद्दल गावागावांत अर्धवट माहिती फिरते.

मार म्हणजे फक्त छडी नव्हे

शिक्षा म्हटलं की डोळ्यांसमोर छडी येते. पण अंगठे धरून ओणवं उभं करणं, कोंबडा करणं, उठाबशा काढायला लावणं, पट्टी उभी धरून बोटांच्या पेरांवर मारणं, डस्टर फेकणं, कान पिरगाळणं, उन्हात उभं करणं, हे सगळं शारीरिक शिक्षेतच मोडतं. राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाने २०१२ मध्ये शाळांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यात मानसिक छळ आणि भेदभाव हेही सोबत धरले आहेत. वर्गासमोर "ढ" म्हणणं, बापाच्या दारूवरून किंवा जातीवरून टोमणा मारणं, वाडीवरच्या पोरांना मागच्या कोपऱ्यात वेगळं बसवणं, हेसुद्धा त्यात येतं. गालावर मारलेल्या चापटीने कानाचा पडदा फाटू शकतो हे डॉक्टर सांगतात. टोमण्याने काय फाटतं ते क्ष-किरणात दिसत नाही, म्हणून त्याची तक्रारही होत नाही.

कायदा काय सांगतो

शिक्षणहक्क कायदा २००९ साली झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या कलम १७ मध्ये म्हटलं आहे की कोणत्याही मुलाला शारीरिक शिक्षा करायची नाही आणि त्याचा मानसिक छळ करायचा नाही. जो करील त्याच्यावर सेवानियमांप्रमाणे शिस्तभंगाची कारवाई होईल. हलकी चापट चालेल, तळहातावर चालेल, पालकांनी सांगितलं असेल तर चालेल, अशी एकही सवलत त्या कलमात नाही. याच कायद्याच्या कलम २९ मध्ये मुलाला भय, धसका आणि चिंता यांपासून मुक्त ठेवण्याचीही गोष्ट आहे. ती फार कमी लोकांनी वाचलेली असते.

मग शिक्षकखोलीत "कायद्यात आम्हाला संरक्षण आहे" असं जे बोललं जातं, ते कुठून येतं? त्याला एक जुना धागा आहे. भारतीय दंड संहितेच्या कलम ८९ प्रमाणे बारा वर्षांखालच्या मुलाच्या भल्यासाठी, पालकाच्या संमतीने आणि सद्भावनेने केलेली कृती गुन्हा ठरत नसे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत हेच कलम २७ या क्रमांकाने आलं आहे. आता पायरीवरच्या बापाचं वाक्य आठवा. "चामडी तुमनी" ही तोंडी दिलेली संमतीच आहे! बापाला कलम ठाऊक नसतं, पण त्याचं वाक्य आणि इंग्रजांच्या काळातलं ते कलम एकाच समजुतीतून आलेलं आहे. शिक्षक हा बापाच्या जागी आहे आणि बापाला मारायचा हक्क आहे, ही ती समजूत.

इथे दोन प्रश्न एकमेकांत मिसळतात, ते वेगळे करायला हवेत. एखाद्या शिक्षकाने मारलं तो फौजदारी गुन्हा ठरतो का, हा एक प्रश्न. त्याचं उत्तर मार किती होता, हेतू काय होता, इजा किती झाली यावर न्यायालय ठरवतं. साध्या, सद्भावनेने केलेल्या शिक्षेला काही उच्च न्यायालयांनी गुन्हा मानलेलं नाही. शाळेत मारायची परवानगी आहे का, हा दुसरा प्रश्न. त्याचं उत्तर २०१० पासून सरळ "नाही" असं आहे. तुरुंगात गेला नाही म्हणजे बरोबर केलं, असा अर्थ निघत नाही. नोकरीवर कारवाई होऊ शकतेच. आणि मार गंभीर असेल तर बाल न्याय कायदा २०१५ चं कलम ७५ आहे. मूल ज्याच्या ताब्यात आहे त्याने क्रूरपणे वागवलं तर तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. मुलांची काळजी आणि संरक्षण ज्या संस्थेवर सोपवलं आहे तिथल्या माणसाने हे केलं तर पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि पाच लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. शिक्षणहक्क कायदा पहिली ते आठवीपुरता आहे. बाल न्याय कायद्यात मात्र अठरा वर्षांखालचं प्रत्येक जण मूल आहे, त्यामुळे नववी-दहावीच्या पोरांना वाऱ्यावर सोडलेलं नाही.

हा कायदा आभाळातून पडला नाही. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातच शारीरिक शिक्षा हद्दपार करायचं म्हटलं होतं. बालहक्कांचा आंतरराष्ट्रीय करार भारताने १९९२ साली स्वीकारला. डिसेंबर २००० मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने तिथल्या शाळांच्या नियमांतली शारीरिक शिक्षेची तरतूद रद्द केली. २००७ मध्ये केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाने तेरा राज्यांतल्या मुलांची पाहणी प्रसिद्ध केली, महाराष्ट्र त्यात होता. शाळेत जाणाऱ्या मुलांपैकी ६५ टक्क्यांनी, म्हणजे तिघांतल्या दोघांनी, शाळेत मार खाल्ल्याचं सांगितलं. आणि आपणच मागासलेले म्हणून हे होतं असंही नाही. इंग्लंडच्या सरकारी शाळांत १९८७ पर्यंत वेत चालत होता, अमेरिकेतल्या काही राज्यांत शाळेतला मार आजही कायदेशीर आहे.

"मारलं की सुधारतो" हे दिसतं, पण खरं नसतं

आता मुख्य गोष्ट. इथे थोडं सावकाश वाचा.

समजा एक पोरगा आहे. रोज वीस शब्दांचं श्रुतलेखन घेतलं तर त्याचे साधारण बारा शब्द बरोबर येतात. ही त्याची आजची तयारी. पण रोज नेमके बारा येत नाहीत. कधी दहा, कधी चौदा. रात्री घरी भांडण झालं, झोप झाली नाही, सकाळी नुसत्या चहावर आला, शब्द नेमके जोडाक्षरांचे निघाले, की एखाद्या दिवशी सहाच येतात. एखाद्या दिवशी सगळं जुळून येतं आणि सतरा येतात.

सहा आले त्या दिवशी गुरुजींनी दोन छड्या दिल्या. दुसऱ्या दिवशी किती येतील? बहुधा बाराच्या आसपास, कारण सहा येणं हा वाईट दिवस होता आणि लागोपाठ दोन वाईट दिवस क्वचितच येतात. छडी दिली नसती तरी अकरा-बारा आलेच असते. पण गुरुजींना काय दिसलं? काल सहा, मग छडी, आज अकरा. "बघा, लागू पडली."

आता सतरा आले तो दिवस घ्या. गुरुजींनी पाठ थोपटली, वर्गाला टाळ्या वाजवायला लावल्या. दुसऱ्या दिवशी? पुन्हा बाराच्या आसपास. काल सतरा, मग शाबासकी, आज बारा. "डोक्यावर घेतलं की चढतात."

असं वर्षभर, दर वर्षी, तीस वर्षं चालतं. कोणी खोटं बोलत नाही, कोणी दुष्ट नाही. तरी प्रत्येक प्रामाणिक शिक्षकाला स्वतःच्या डोळ्यांनी दिसत राहतं की मार चढवतो आणि कौतुक पाडतं. प्रत्यक्षात त्या पोराचा आकडा आपल्या नेहमीच्या जागी परत येतो आहे, एवढंच घडतं. याला सरासरीकडे परतणं म्हणतात. डॅनियल कानेमन या मानसशास्त्रज्ञाला २००२ साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. त्यांना ही गोष्ट इस्राएलच्या हवाई दलात वैमानिकांच्या प्रशिक्षकांसमोर बोलताना उमगली. एक अनुभवी प्रशिक्षक ठामपणे म्हणाला होता की उत्तम उड्डाणाचं कौतुक केलं की पुढचं उड्डाण बिघडतं आणि वाईट उड्डाणावर ओरडलं की पुढचं सुधारतं. त्या प्रशिक्षकाने पाहिलेलं खरं होतं. त्यातून काढलेला अर्थ मात्र चुकीचा होता.

शिक्षक असाल तर हे करून पाहा. सोमवारी श्रुतलेखन घ्या. सर्वांत कमी शब्द आलेल्या पाच मुलांची नावं वहीत लिहून ठेवा. त्यांना काहीही बोलू नका, मारू नका, समजावूही नका. बुधवारी त्याच धर्तीचं श्रुतलेखन घ्या आणि त्या पाच जणांचे आकडे जोडीने मांडा. मी हे केलं होतं, छडी कपाटामागे ठेवायच्या आधी. वहीत ते आकडे बघताना मला माझीच मागची वर्षं आठवली आणि फार वाईट वाटलं.

दुसरी फसगत गेट-टुगेदरला दिसते. हल्ली गावोगाव दहावीच्या जुन्या बॅचा एकत्र येतात. मंडप, फेटे, वांग्याचं भरीत, कळण्याची भाकरी. मग कोणी बँकेत साहेब झालेला मुलगा माइक हातात घेऊन सांगतो की सर, तुमच्या छड्या खाल्ल्या म्हणून आज इथे उभा आहे. सरांचे डोळे भरून येतात. त्याचं प्रेम खरं आहे, मी त्यावर शंका घेणार नाही. पण त्या मंडपात कोण आलेलं नाही ते कोणी मोजत नाही. चौथीत गणिताच्या तासाला मार खाऊन जो गुरं वळायला निघून गेला, जी सातवीत रोजच्या अपमानाला कंटाळून घरी बसली आणि दोन वर्षांत जिचं लग्न लागलं, ते दहावीच्या बॅचमध्येच नाहीत. त्यांना आमंत्रण जात नाही. मार खाऊन टिकले तेवढेच साक्ष देतात आणि आपण त्यावरून निकाल लावतो. तो साहेब माराशिवायही साहेब झाला असता का, हे त्यालाही सांगता येणार नाही.

आणखी एक साधी गोष्ट. छडी आपटली की वर्ग त्या क्षणी चिडीचूप होतो. म्हणजे बक्षीस शिक्षकाला मिळतं, तेही ताबडतोब. म्हणून सवय शिक्षकालाच लागते. पोरं काही दिवसांत सरावतात, मग एकीच्या दोन आणि दोनाच्या चार कराव्या लागतात.

भीतीत हातचा राहत नाही

बेरीज करताना हातचा लक्षात ठेवावा लागतो. अठ्ठेचाळीस आणि सदतीस मिळवायचे तर आठ नि सात पंधरा, पाच लिहिले, हातचा एक. हा एक कुठे असतो? कागदावर नसतो, मनातल्या एका छोट्या जागेत असतो. ती जागा फारच लहान आहे, मोठ्या माणसाचीही. मान वर करून गुरुजींचा हात कुठे आहे, आवाज चढला का, माझा नंबर कितवा, हे बघण्यात ती जागा भरली की हातचा सांडतो. मग गणित चुकतं, मग मार बसतो, मग पुढच्या गणिताला भीती आणखी मोठी. मन लावत नाही म्हणून पोरगं चुकतं असं आपण म्हणतो. त्याचं मन पूर्ण लागलेलं असतं, फक्त फळ्यावर नाही, हातावर.

मूल हुशार असलं तर त्यातून काही शिकतंही. शेजाऱ्याची वही उतरवणं, बापाची सही करणं, गृहपाठ झाला नसेल त्या दिवशी पोट दुखणं. घरातल्या मारावर जगभर भरपूर अभ्यास झाले आहेत. एलिझाबेथ गेर्शॉफ आणि अँड्र्यू ग्रोगन-केलर यांनी २०१६ मध्ये असे ७५ अभ्यास एकत्र तपासले, त्यांत सुमारे १ लाख ६० हजार मुलं होती. ढुंगणावर दिलेल्या साध्या फटक्यांचा संबंध मुलांच्या चांगल्या वागण्याशी लागला नाही. आक्रमकपणा, चिंता, आईबापांशी बिघडलेलं नातं यांच्याशी लागला.

मी छडी कपाटामागे टाकली ती मात्र कुठला अभ्यास वाचून नाही. एकदा फळ्यावरची वरची ओळ पुसायला मी हात उचलला आणि पहिल्या बाकावरच्या एका मुलीने झटकन मान खाली घातली, दोन्ही हातांनी कान झाकले. तिला मी कधीच मारलं नव्हतं. तिने फक्त दुसऱ्यांना मार खाताना पाहिलं होतं. हातात डस्टर तसाच धरून मी उभा राहिलो. वर्गात कोणी हसलं नाही, कारण कोणालाच ते विचित्र वाटलं नव्हतं.

आपल्याकडची चूक अनेकदा भाषेची असते

खान्देशात या विषयाला एक बाजू आहे, ती पुण्या-मुंबईच्या चर्चेत येत नाही. पहिलीतलं पोरगं अहिराणीत विचार करतं. तळोदा-अक्कलकुव्याकडचं पोरगं भिली किंवा पावरीत करतं. वहीत ते लिहितं, "मन्हा बाप वावरमा जास." शाळेला हवं असतं, "माझे वडील शेतात जातात." चार शब्द आणि चारही लाल शाईत. पोराने आपल्या भाषेतलं पूर्ण शुद्ध वाक्य लिहिलेलं असतं. कर्ता बरोबर, विभक्ती बरोबर, क्रियापद बरोबर. त्याला मार कशाबद्दल बसला? दुसरी भाषा अजून आली नाही याबद्दल. त्याला मात्र कळतं ते असं की घरी माय जे बोलते ते मार खाण्यासारखं आहे. मग ते वर्गात तोंडच उघडत नाही आणि आपण लिहितो, "मुलगा अबोल आहे."

मी पुढे असं करायचो की फळ्यावर दोन्ही वाक्यं शेजारी लिहायची. वावरमा, शेतात. जास, जातात. पोरंच बाण काढायची. "मा" म्हणजे "त" हे एका मुलाला सापडलं तेव्हा तो बाकावर उभाच राहिला, शिक्षेने नव्हे, आनंदाने.

गैरहजेरीचंही असंच आहे. कापूस वेचणीच्या दिवसांत मोठी बहीण धाकट्याला सांभाळायला घरी थांबते. नंदुरबार-धुळ्याकडची कुटुंबं दिवाळीनंतर ऊसतोडीला गुजरातेत किंवा कारखान्यांच्या पट्ट्यात जातात, पोरं सोबत जातात आणि होळीच्या सुमाराला परत येतात. तीन-चार महिने बुडालेलं पोरगं पाढे विसरणारच. त्याला त्याबद्दल मारणं म्हणजे मुकादमाची उचल पोराच्या हातावर वसूल करणं आहे.

आश्रमशाळेत तर मूल दिवसरात्र त्याच माणसांच्या हाती असतं. संध्याकाळी जाऊन सांगायला माय नसते. तिथे हा प्रश्न दुप्पट काळजीचा आहे.

मग वर्ग सांभाळायचा कसा?

शिक्षकांची अडचण खोटी नाही. दोन शिक्षकी शाळा, चार वर्ग, त्यातला एक गुरुजी निवडणुकीच्या कामाला किंवा प्रशिक्षणाला. कायद्याने प्राथमिकला तीस मुलांमागे एक शिक्षक हवा, पण तीस मुलं चार इयत्तांची असतील तर तो आकडा कागदावरच बरा दिसतो. "छडी काढून घेतली, बदल्यात काय दिलं?" असं सहकारी विचारायचे. बरोबरच विचारायचे. अध्यापक विद्यालयात वर्ग शांत कसा करावा हे आम्हाला कोणी हाताला धरून शिकवलं नव्हतं.

मला जे जमलं ते फार मोठं नाही. नियम तीनच ठेवले, पोरांना विचारून, त्यांच्याच शब्दांत. नियम मोडला की होणारी गोष्ट लहान पण नक्की, आणि लगेच. जागा बदलायची, सांडलं ते पुसायचं, अर्धी सुट्टी काम पूर्ण करण्यात घालवायची. आज माफ आणि उद्या रागाच्या भरात चार पट, असं कधीच नाही. पोरं कडकपणाला घाबरत नाहीत, बेभरवशाला घाबरतात. ज्याच्याशी बोलायचं त्याच्याशी एकट्याने, व्हरांड्यात, आणि उभं राहून नव्हे तर बसून. मस्तीखोर पोरगा चारचौघांत कधीच हार मानत नाही, त्याला मित्रांसमोर तोंड दाखवायचं असतं. एकटा असला की दोन वाक्यांत रडतो. यात वेळ जातो हे खरं. जूनमध्ये फार जातो, दिवाळीनंतर कमी.

खान्देशाला याचा दाखला बाहेरून आणायची गरज नाही. पांडुरंग सदाशिव साने १९२४ साली अमळनेरच्या हायस्कुलात शिक्षक म्हणून आले आणि १९३० मध्ये सत्याग्रहासाठी नोकरी सोडेपर्यंत तिथे होते. छात्रालयाचं काम त्यांच्याकडे आलं तेव्हा पोरांनी अस्ताव्यस्त टाकलेल्या खोल्या ते स्वतः झाडायचे, पसारा आवरून ठेवायचे. बोलायचे नाहीत. पोरं शरमून आपली खोली आपण झाडू लागली. सगळ्यांना साने गुरुजी होता येणार नाही, मला तर नक्कीच आलं नाही. पण याच मातीत, छडी सर्रास चालत होती त्या काळात, एक माणूस तिच्याशिवाय शिस्त लावून गेला, हे अमळनेरच्या रस्त्याने जाताना मला दर वेळी आठवतं.

पोराला शाळेत मार बसला तर

आधी पोराचं पूर्ण ऐका. "तूच काही केलं असशील" हे वाक्य गिळा, नाहीतर पुढच्या वेळी ते सांगणारच नाही. वळ असतील तर फोटो काढा, कान किंवा डोळा दुखत असेल तर त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात दाखवून केसपेपर घ्या. मग मुख्याध्यापकांना भेटा आणि लेखी द्या, पोच घ्या. शाळा व्यवस्थापन समितीत कायद्याने तीन चतुर्थांश पालक असतात, एकूण सदस्यांत निम्म्या महिला. तिथे विषय मांडा. तिथे दाद लागली नाही तर कलम ३२ प्रमाणे स्थानिक प्राधिकरणाकडे, म्हणजे आपल्याकडे बहुतेक जिल्हा परिषदेकडे, लेखी तक्रार करता येते आणि तिने तीन महिन्यांत निर्णय द्यायचा असतो. त्याच्या वर राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे अपील आहे. मूल धोक्यात असेल तर १०९८ हा नंबर रात्रीही चालतो. पोरालाही तो पाठ करून द्या, आश्रमशाळेत जाणाऱ्याला तर नक्की.

आणि नाव घालायला जाल तेव्हा पायरीवर ते जुनं वाक्य बोलू नका. त्याऐवजी गुरुजींना सांगा की घरी आम्ही अहिराणी बोलतो, काही शब्द याला समजणार नाहीत. दिवाळीनंतर आम्ही तोडीला जाऊ, तेव्हा हा आजीपाशी राहील, वही बघायला घरात कोणी नसेल. हा कुत्र्याला घाबरतो. डाव्या हाताने लिहितो. त्याला गोष्टी फार आवडतात.